उबेचा कागद

कारखान्यात तिला सगळे ताई म्हणत आणि घरीही ती ताईच, त्यामुळे तिच्या खऱ्या नावाला कधीच गंज चढला होता. काम तिचं कागदाला लेप देण्याचं. दुकानात बिल फाडून हातात देतात ना, गुळगुळीत, शाईचा पत्ता नसलेलं, तो कागद. त्याला शाई लागतच नाही. आधी मातीचा एक थर, आच खाली झिरपून वाया जाऊ नये म्हणून. त्यावर दुसरा, ज्यात दोन पदार्थ मेणाच्या पडद्याआड शेजारी शेजारी झोपलेले असतात. छपाईयंत्राचं तापलेलं टोक टेकलं की मेण वितळतं, दोघांची गाठ पडते आणि तिथे काळं होतं. वरून तिसरा पातळ थर, घामातेलाने रंग उडू नये म्हणून. सांगायला सोपं आहे. करायला बसलं की भलेभले हात टेकतात.

त्या हिवाळ्यात मॅनेजरच्या डोक्यात नवं खूळ शिरलं होतं. खिशात मावणारी छपाईयंत्रं येणार, त्यांच्या बॅटरीत दम नसणार, तेव्हा कागद थोडक्या आचेत काळा झाला पाहिजे. ताईचा स्वभाव असा की एखादी गोष्ट कर म्हटलं की ती जरा जास्तच करून ठेवायची. तिने मेण बदललं, मग पुन्हा बदललं, आणि एके दिवशी नव्या लेपाचा पहिला ताव वाळून हातात आला.

त्या कारखान्यात एक रीत होती. नव्या लेपाचा पहिला ताव निघाला की पाळीवरच्या माणसांनी त्यावर पंजा टेकवायचा. का, ते कुणालाच सांगता येत नसे. उमटत तर काहीच नसे, तळहाताच्या उबेने असला कागद कुठला काळा व्हायला. पण पंजा टेकवल्याशिवाय मोठं यंत्र सुरू करायला कुणी धजत नसे. ताईने सवयीने हात टेकवला, उचलला, आणि खाली तिचा हात होता. काळा, रेषांसकट.

"वा," मॅनेजर म्हणाला. "गिऱ्हाइकाने बिल धरलं की बिल काळं. हा विकायचा कुणाला? ज्यांना हात नाहीत त्यांना?"

ताईला राग आला नाही. त्या दिवसांत तिला कशाचाच राग येत नव्हता. तिने चारदोन ताव बर्फाच्या डब्यात ठेवले आणि रविवारी घरी नेले, कारण आता घरी काही दाखवायला न्यावं असं घर पुन्हा झालं होतं. बारक्या परत आला होता.

बारक्या तिचा धाकटा भाऊ. नाव बारक्या आणि उंची अशी की दारातून जाताना मान वाकवावी लागे. तोही त्याच कारखान्यात, कागदाची मोठी रिळं कापण्याच्या यंत्रावर. हिवाळ्याच्या तोंडाशी रिळांचा ट्रक पोचवायला ड्रायव्हरबरोबर गेला आणि ट्रक पुलाचा कठडा तोडून धरणाच्या पाण्यात पडला. ड्रायव्हर सापडला, गेलेला. बारक्या सापडलाच नाही. पाणबुडे दमले, लोक भेटून गेले, आणि आईने त्या दिवसापासून दाराला कडी लावणं सोडून दिलं. शेजारणीने कडीची आठवण करून दिली तर आई तिच्याकडे अशी बघायची की बाई पुन्हा त्या वाटेला जात नसे.

आणि ध्यानीमनी नसताना एका सकाळी तो दारात उभा. पाण्यातून निघालो, चालत राहिलो, एवढंच म्हणाला. आईने त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरला, मग आत जाऊन चहा टाकला, आणि घर पुन्हा हलायला लागलं. कारखान्यात त्याला अजून घेतलं नव्हतं. डॉक्टरकडे जाऊन ये म्हटलं की तो हसून विषय बदले. दिवसभर शेगडीपाशी बसे, अंगात स्वेटर, वर शाल. "पाण्याची थंडी हाडात शिरलीय," आई म्हणे आणि त्याच्या अंथरुणात गरम पाण्याची पिशवी ठेवी.

तर त्या रविवारी ताईने जेवायच्या टेबलावर ताव पसरला. आईने हात पुसून टेकवला. तिचा पंजा इवलासा, लहान पोरीचा वाटावा असा, आणि तळहातावरची एक रेष मध्येच तुटलेली. सगळं उमटलं. आई स्वतःच्याच हाताकडे बघत हसली. ताईने तिच्या शेजारी आपला उमटवला.

"आता तू," ती बारक्याला म्हणाली. "तुझ्या फावड्याला कागद पुरतो का बघू."

त्याने हात टेकवला. मोठा पंजा, करंगळी लहानपणी दारात चेमटून बाहेर वाकलेली. थोडा वेळ धरला आणि उचलला. खाली कागद कोरा होता.

"माझं रक्तच थंड," तो म्हणाला.

"हात धुतलेस ना आत्ता गार पाण्याने," ताई म्हणाली. "चोळ जरा आणि पुन्हा टेकव."

त्याने हात चोळले, पुन्हा टेकवला, जोर दिला. पुन्हा कोरा. तो हसत होता, पण कागदावरून त्याची नजर निघेना.

"पुरे तुमचा कागद," आई म्हणाली. "ताटं घ्या."

ताईने ताव उचलून शेगडीवरच्या फळीवर टाकला आणि विसरून गेली. जेवणं झाल्यावर बघते तर फळीच्या उबेने अख्खा ताव करडा पडलेला. तसा तो पडणारच होता. आईचा आणि तिचा हात त्या करड्यात अजून काळे दिसत होते, आणि त्यांच्या बाजूला तिसरा हात होता, पांढरा. लख्ख पांढरा, वाकड्या करंगळीसह. शेगडीची एवढी ऊब सगळ्या कागदाला पोचली, तेवढी जागा सोडून. ताईने ताव घडी करून शेगडीत सारला आणि जळेपर्यंत तिथेच उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी कारखान्याच्या प्रयोगशाळेत ती बर्फाच्या पाण्यात हात घालून बसली, बोटं बधिर होईतो. मग पंजा टेकवला. कोरा राहिला. तिला केवढं बरं वाटलं. मग तो ताव तिने गरम कपाटात ठेवला आणि काढला, तर तो सगळीकडे सारखा करडा झाला होता. तिच्या गार हाताची खूण त्यावर कुठेच नव्हती. माणसाचा हात कितीही गारठला तरी उचलला की गारवा त्याच्याबरोबर जातो, कागदात मुक्कामाला राहत नाही. ही गोष्ट तिला ठाऊक होती आणि तरीही ती दुपारभर तोच प्रयोग करत राहिली.

तिने मग जे केलं त्याची तिला लाज वाटली, पण केलं. त्याच कागदाची लांब पट्टी घेतली आणि बारक्याच्या गादीवर, चादरीखाली, डोक्यापासून पायापर्यंत अंथरली. माणूस रात्रभर झोपला की त्याच्या अंगाची पुरी आकृती उमटायला हवी होती.

सकाळी तो उठून शेगडीपाशी गेला तेव्हा तिने चादर काढली. पायथ्याशी गरम पिशवीचा काळा चौकोन होता. माणसाची आकृती नव्हती. खांद्याची नाही, कुशीची नाही, टाचांचीसुद्धा नाही. होते ते पंजे. इवलेसे, एकाला एक लागून, उशीपासून खालपर्यंत सगळी गादी भरलेली, आणि प्रत्येकाच्या तळहातावर एक रेष मध्येच तुटलेली. चादरीतून असा हात उमटायचा तर तो कितीतरी वेळ एका जागी दाबून धरावा लागतो, हे ताईइतकं कुणाला ठाऊक. तो झोपायला येण्याआधी आई रोज त्याची जागा हातांनी उबवत होती.

आई स्वयंपाकघरात पिशवीत गरम पाणी भरत होती. ताई दार लोटून आत उभी राहिली.

"तुला केव्हापासून माहीत आहे?"

"कागद का घातलास गादीत? हात टेकवला की कुरकुर वाजत होता मेला."

"आई, मी काय विचारतेय?"

आईने पिशवीचं बूच घट्ट लावलं. "दारात आला तेव्हाच. गालाला हात लावला ना मी पहिला."

"आणि तरी आत घेतलंस?"

"मग काय, बाहेर उभा ठेवू? माझा आहे तो."

ताईला भीती वाटत होती, हे खरं. आपल्याच भावाची भीती वाटते याचं दुःख त्याहून जास्त होतं, तेही खरं.

"त्याला ठाऊक नाही गं," आई हळू म्हणाली. "त्याला वाटतंय तो वाचला. आणि तुला त्याचा स्वभाव माहीत आहे. लहानपणी लग्नात जेवायला बसला आणि कुणी सहज म्हणालं, पंगतीत एक जण जास्त झाला, तर भरल्या ताटावरून उठून चालता झाला होता. आपली इथे जागा नाही असं कळलं की तो थांबायचा नाही. रविवारपासून सारखा विचारतोय, ताई नवा कागद कधी आणणार, तो बिघडलेला होता ना. काय ते तू कर. तू एवढी शिकलीस, एवढे लेप देतेस. पण माझं पोर त्या कागदापायी पुन्हा पाण्यात घालू नकोस."

आता असा कागद हवा होता ज्याला ऊब लागतच नाही. ताईला तो माहीत होता. पावतीपुस्तकात असतो, वरच्या पानावर लिहिलं की खालच्यावर उमटतं. त्याच्या लेपात डोळ्यांना न दिसणारे फुगे असतात, फुग्यांत रंग, आणि दाब पडला की फुगे फुटतात. आठवडाभर ती तेच करत बसली. खाली नेहमीचा थर ठेवला, म्हणजे कागद दिसायला तोच राहील, आणि वरून फुग्यांचा लेप दिला. फ्रीजमधून काढलेला दगड त्यावर ठेवून पाहिला. दगडाखाली काळं झालं. तिचा जीव भांड्यात पडला.

रविवारी आईने टेबल पुसून लख्ख केलं. पहिला हात आईचा, दुसरा ताईचा, सगळं मागच्यासारखं. मग बारक्याने टेकवला आणि उचलला. मोठा काळा पंजा, वाकडी करंगळी.

"आला की," तो म्हणाला.

"येणारच. मागचा कागद नासका होता," ताई म्हणाली.

आई पदराने डोळे टिपत हसली, आणि त्या दिवशी बारक्याने इतक्या चेष्टा केल्या की ताईला क्षणभर वाटलं, आपणच काहीतरी भलतं धरून बसलो होतो.

जेवणानंतर ती भांडी घासायला उभी राहिली तेव्हा तो पुसायला आला. आई पुढच्या खोलीत होती.

"फुग्यांचा लेप दिलास ना वर?" तो खालच्या आवाजात म्हणाला.

ताईने वाटी न विसळताच त्याच्या हातात दिली.

"एवढी वर्षं कागद कापलाय मी, ताई. उबेचा ठसा कडेला विरत जातो. हा कडेला कापल्यासारखा होता. दाबाचा." त्याने एक ताटली पुसून ठेवली. "छान केलायस पण. मॅनेजरला दाखव."

"तुला माहीत आहे?"

"पाण्यातच कळलं."

"मग आलास कसा?"

"आईने कडी लावली नव्हती," तो म्हणाला. "तिकडे खालीसुद्धा कळत होतं ते. मग राहवलं नाही." त्याने नळ बंद केला. "तिला कळू देऊ नकोस. तिला वाटतंय मी वाचलो. कळलं तर पुन्हा पहिल्यापासून रडेल. आत्ता कुठे तिने सुटकेचा निःश्वास टाकलाय, तो मी हिरावून कसा घेऊ?"

दोघांचंही गुपित एकच होतं आणि दोघांनीही ते ताईच्याच गळ्यात बांधलं होतं. एकाला सांगावं तर दुसऱ्याचा शब्द मोडत होता.

"नाही सांगत," ती म्हणाली. तिने त्याच्या हातावर हात ठेवला. पहिल्यांदाच. गारवा कोपरापर्यंत चढला, पण तिने हात काढला नाही, आणि तिची भीती मात्र तिथेच संपली.

आईला मग रविवारचा नादच लागला. जेवण झालं की म्हणायची, "आणा कागद." आणि दुसऱ्या तिसऱ्या रविवारीच ताईच्या लक्षात आलं की बारक्याचा ठसा फिका येतोय. लेप बिघडला म्हणावं तर आईचा हात शाईत बुडवल्यासारखा उमटत होता. मग ती बघायला लागली. त्याच्या खुर्चीची उशी आता दबत नव्हती. जिन्याची जी पायरी मांजर गेलं तरी कुरकुरे, ती त्याच्याखाली गप्प होती. तो हलका होत चालला होता.

तेव्हा ताई इरेला पेटली. फुग्यांची कातडी पातळ करायची, एवढाच तिला ध्यास. आठवड्यागणिक पातळ, आणखी पातळ. नवा कागद असा झाला की त्यावर फाईल ठेवली तर काळा, मग असा की बाही घासली तर काळा. मॅनेजर वैतागला. "आधी म्हणे धरायचा नाही. आता काय, बघायचंही नाही?" ताईने त्याच्याकडे कानाडोळा केला. ताव ती उभ्या पेटीत चिमट्याला टांगून न्यायची, कशाला लागू नये म्हणून, आणि रस्त्याने माणसांना चुकवत जपून चालायची. रविवारी त्यावर मोठा पंजा उमटला की पुढच्या आठवड्यापुरता तिला धीर यायचा.

शेवटचा कागद ती घेऊन आली तेव्हा तो इतका हळवा होता की पेटीत बसलेल्या धुळीच्या कणांनीही त्यावर ठिपके पडले होते. याहून पातळ कातडी होत नाही. तिने करून पाहिलं होतं, फुगे लेप देतानाच फुटत होते.

बारक्याने हात टेकवला. आई बघत होती. त्याने उचलला, आणि कागदावर करंगळीच्या जागी एक करडी वाकडी रेघ होती. बाकी काही नाही.

बारक्या खुर्ची मागे सारून उठायला लागला. खुर्ची वाजली नाही. "जरा बाहेर जाऊन येतो," तो म्हणाला, आणि तो परत यायचा नाही हे त्याच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं.

"खाली बस," आई म्हणाली.

"आई, ते..."

"मला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे. बस म्हणते ना."

तो उभाच राहिला. त्याने ताईकडे पाहिलं. ताईने मान हलवली, मी नाही सांगितलं. मग तो बसला, लहानपणी ओरडा खाऊन बसायचा तसा.

"जागा नसली तर उठायचं असतं," आई म्हणाली. "इथे तुझी जागा आहे. ठेव हात."

त्याने हात ठेवला. आईने त्याच्यावर आपला हात ठेवला आणि सगळा भार दिला, चाकूसारख्या कापणाऱ्या त्या थंडीत तिची बोटं निळी पडली तरी दाबून धरला. दोघांनी मिळून उचलला तेव्हा खाली पंजा होता, मोठा, काळा, वाकड्या करंगळीसह. आईने तो ताव स्वतः भिंतीला लावला.

पुढे तो दिसेनासा झाला. एकदम नाही. आधी शाल खुर्चीवर पडून राहायला लागली, मग चहाचा कप भरलेलाच गार व्हायला लागला, मग एका सकाळी खुर्ची रिकामी होती. ताई घरभर रडत फिरली. आई रडली नाही. पिशवीत गरम पाणी भरून तिने त्याच्या अंथरुणात ठेवलं आणि रविवारी जेवणानंतर म्हणाली, "आण कागद."

ताईने आणला. रिकाम्या खुर्चीपुढे पसरला. आईने आपला इवलासा हात त्यावर टेकवला, जरा थांबली आणि म्हणाली, "दाब रे." मग उचलला.

खाली मोठा पंजा होता, करंगळी बाहेर वाकलेली, आणि त्याच्या मधोमध, थोडा अधिक गडद, आईचा हात मावला होता.